एकांत हवा, एकटेपणा नको

रक्तातली साखर बोटाला टोचलेल्या एका थेंबातून कळते. थायरॉइडचा अहवाल संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो. पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात आता गल्लोगल्ली पॅथॉलॉजी लॅब आहेत आणि शरीराच्या बहुतेक तक्रारींची निदान पहिली पायरी तिथे चढता येते. ‘आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत, की या दोन्हींत न बसणारे आहोत?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतीही लॅब देऊ शकत नाही. बहुतेकांना हा प्रश्न आयुष्यात पडतही नाही. ज्यांना पडतो, त्यांना तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना पडतो आणि त्या वयात तो विचारायला जवळ कोणी नसते. मग काही जण तो वर्षानुवर्षे मनात दाबून ठेवतात. काहींच्या बाबतीत घरचे, शेजारचे आणि नातेवाईक परस्पर उत्तर ठरवून मोकळे होतात. या दोन्हींची किंमत मानसिक आरोग्याला मोजावी लागते आणि कधीकधी ती जिवावर बेतते. म्हणून लिंगओळख समजून घेताना माणसाला स्वतःसोबत किती राहू द्यायचे आणि माणसांत किती, हा आरोग्याचा प्रश्न ठरतो.

शब्दांचा गोंधळ

आधी शब्द स्पष्ट करायला हवेत. जन्माच्या वेळी डॉक्टर किंवा सुईण बाळाच्या बाह्य अवयवांवरून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे सांगतात. ते झाले जैविक लिंग. आपण कोण आहोत याची माणसाला आतून असलेली जाणीव म्हणजे लिंगओळख. कोणाविषयी आकर्षण वाटते, तो लैंगिक कल. ती गोष्ट आणखी वेगळी. बहुतेकांचे जैविक लिंग आणि लिंगओळख जुळतात. ज्यांचे जुळत नाहीत, त्यांना अलीकडे मराठीत पारलिंगी म्हटले जाते. ‘तृतीयपंथी’ हा शब्द अधिक रुळलेला आहे. पण तो ऐकताच अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त लोकलमध्ये टाळी वाजवणारी माणसे येतात. प्रत्यक्षात पारलिंगी व्यक्ती बँकेत असते, कॉलेजात असते, रिक्षा चालवते, शेतावर असते आणि पुष्कळदा तिने ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नसते. आंतरलिंगी व्यक्ती याहून वेगळ्या. त्यांची जननेंद्रिये, संप्रेरके किंवा गुणसूत्रेच जन्मतः स्त्री किंवा पुरुष या नेहमीच्या साच्यात बसत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय पहिल्यांदाच देण्यात आला. त्यात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ आणि महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची नोंद झाली. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जनगणनेचे उत्तर बहुधा घरातला कर्ता माणूस दारात उभा राहून देतो. ज्या मुलाने किंवा मुलीने घरात काही सांगितलेलेच नाही, ती या आकड्यांत कशी येणार?

हा आजार आहे का, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने दिलेले आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेतून ‘लिंगओळखीचा विकार’ हे नाव काढून टाकले. निदानासाठी महत्त्वाचा ठरला तो या विसंगतीमुळे होणारा मानसिक त्रास. ओळख हा विकार राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्याच्या निकालात शारीरिक तपासणीपेक्षा व्यक्तीच्या मनातील ओळखीला महत्त्व दिले.

तपासणीची मर्यादा

महाराष्ट्रात गाजलेले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले पोलीस शिपाई ललित साळवे मुलगी म्हणून वाढले आणि ‘ललिता’ या नावाने महिला पोलीस म्हणून भरती झाले. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे ‘वाय’ गुणसूत्र आढळले. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी २०१७ मध्ये रजा मागितली, ती नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते पुरुष शिपाई म्हणून कामावर रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले आणि २०२४ मध्ये त्यांना मुलगा झाला.

लोकांना ही गोष्ट पटकन पटली, त्याचे एक कारण असे की तिच्यात एक वैद्यकीय अहवाल होता. कागदावर गुणसूत्र दिसले आणि शंका मिटली. बहुतेक पारलिंगी व्यक्तींकडे असा कागद नसतो. त्यांची गुणसूत्रे आणि संप्रेरके तपासली तर अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही, तुझ्या डोक्यातले खूळ आहे.’ इथेच गफलत होते. अहवाल नॉर्मल आला याचा अर्थ शरीर निरोगी आहे, एवढाच. लिंगओळख मोजणारी तपासणी अस्तित्वात नाही. ती ओळखण्याचे मार्ग दोनच आहेत. माणसाने स्वतःच्या मनाचे शांतपणे ऐकावे आणि जे ऐकू आले ते चार माणसांत वावरताना पडताळून पाहावे. पहिल्यासाठी एकांत लागतो, दुसऱ्यासाठी सोबत लागते.

एकांताचे शास्त्र

मराठीत एकांत आणि एकटेपणा हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्हींची चव वेगळी आहे. एकांत माणूस मागून घेतो, एकटेपणा त्याच्या वाट्याला येतो. देहूचे तुकाराम महाराज एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात आणि कीर्तनासाठी पुन्हा लोकांत येत. आज मानसशास्त्र जे सांगते, ते याहून फार लांबचे नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी १९९७ मध्ये पाचवी ते नववीतील ४८३ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना पेजर देण्यात आले. दिवसातून अधूनमधून तो वाजला की त्यांनी आपण कुठे आहोत, कोणासोबत आहोत आणि मनःस्थिती कशी आहे, हे लिहायचे. वयात येऊ लागलेली मुले काही काळ एकटी राहिल्यानंतर परत माणसांत आली की त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसे. अगदीच एकटी न राहणारी किंवा बहुतेक वेळ एकटी राहणारी मुले आणि मध्यम प्रमाणात एकांत घेणारी मुले यांची तुलना केली, तेव्हा मध्यम एकांत घेणाऱ्यांचे एकूण जुळवून घेणे चांगले आढळले. २०१८ मधील आणखी एका संशोधनात पंधरा मिनिटे एकटे बसल्यावर तीव्र भावना, मग त्या आनंदाच्या असोत की त्रासाच्या, खाली येतात असे दिसले. हा एकांत स्वतःहून निवडलेला असेल, तर ताणही कमी होतो.

लिंगओळखीच्या प्रश्नात याचा उपयोग थेट आहे. दिवसभर ‘मुलीसारखी बस’, ‘पोरासारखा बोल’ अशा सूचना ऐकणाऱ्या मुलाला त्या सूचना थांबलेल्या जागी थोडा वेळ मिळाला, तर स्वतःला काय वाटते ते त्याला कळू लागते. कोणत्या नावाने हाक मारली की बरे वाटते? आरशात काय खटकते, शरीर की समाजाची अपेक्षा? केस वाढवावेसे वाटतात, ते आवड म्हणून की त्याहून खोल काही आहे? हे प्रश्न लिहून काढण्याचा फायदा होतो. मनातले त्रासदायक विषय रोज पंधरा-वीस मिनिटे लिहून काढण्याच्या पद्धतीवर जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकापासून संशोधन केले आणि अशा लेखनाचा प्रकृतीवर चांगला परिणाम होऊ शकतो, असे त्यांना आढळले. वही मात्र अशा ठिकाणी हवी, जिथे ती कोणी उघडणार नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ च्या एका निबंधात मांडलेला विचार इथे महत्त्वाचा आहे. स्वतःसोबत निवांत राहण्याची क्षमता मूल एकटे राहून शिकत नाही. आई जवळ आहे, ती आपल्याला सोडून जाणार नाही, अशी खात्री असताना मूल आपल्याच नादात खेळते आणि त्यातून ती क्षमता येते. म्हणजे चांगल्या एकांताच्या मागेही कोणाची तरी सोबत असते. ज्या मुलाला ‘हे घरी कळले तर मला हाकलून देतील’ अशी भीती आहे, त्याने खोलीचे दार लावून घेतले तरी त्याला एकांत मिळत नाही. दाराबाहेरची भीती आत येऊन बसते.

एकटेपणाचे धोके

अशा भीतीखालच्या एकटेपणात विचार पुढे सरकत नाहीत, त्याच जागी फिरत राहतात. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या विचारांच्या रवंथाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तो नैराश्य वाढवतो व लांबवतो, असे दाखवून दिले. शोध घेणारा विचार आणि रवंथ यांतला फरक ओळखण्याची सोपी खूण आहे. तासभर एकटे राहिल्यावर मन थोडे हलके झाले, एखादी गोष्ट नव्याने कळली, तर तो एकांत कामाचा. तीच वाक्ये फिरून आली, झोप उडाली, जेवण तुटले, अभ्यास सुटला, तर तो एकांत उरला नाही. असे दोन आठवडे चालले तर मदत घ्यायला हवी.

दुसरा धोका शरीराचा. कोणाला विचारता येत नाही म्हणून गुपचूप उपाय सुरू होतात. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी आवळून बांधली जाते. त्याने श्वास पूर्ण घेता येत नाही, फासळ्या दुखावतात, कातडी सोलवटते; ती बांधून झोपणे तर फारच धोक्याचे. बायकी शरीर हवे म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या मनाला येईल तितक्या घेतल्या जातात. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे पायातील किंवा फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने कोणाच्या तरी सल्ल्याने घेतली तर रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू शकतात. हीच संप्रेरके एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, आधी रक्त तपासून आणि ठराविक काळाने पुन्हा तपासून घेतली जातात, तेव्हा हे धोके बरेच आटोक्यात ठेवता येतात. औषध तेच, फरक फक्त गुपिताचा.

सोबतीचाही अतिरेक

समाज सोबत असला म्हणजे सगळे नीट होते, असेही नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागात यल्लमाच्या नावाने जोगते-जोगतिणी सोडण्याची प्रथा होती. केसांत जट आली, वागण्यात काही वेगळे दिसले की घर, गाव आणि देव मिळून त्या मुलाचे आयुष्य ठरवून टाकत. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांवर आधारलेल्या २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने हे जग मराठी वाचक-प्रेक्षकांपुढे आणले. तिथे माणसे भरपूर असतात, गाणे असते, यात्रा असते. त्या मुलाला ‘तुला काय वाटते?’ असे विचारणारे कोणी नसते.

जट आणि देवी नसलेल्या शहरी घरांतही हेच वेगळ्या रूपात घडते. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ हा सल्ला आजही दिला जातो. त्याने एकाऐवजी दोन माणसांचे आयुष्य अडकते. काही जण मुलाला ‘बदलून देणाऱ्या’ बाबाकडे किंवा डॉक्टरकडे नेतात. अशा तथाकथित उपचारांना शास्त्राचा आधार नाही आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते करणे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

आपल्यासारख्या माणसांचा गट मिळाला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. हिजडा समाजातील गुरू-चेला परंपरेने घराबाहेर काढलेल्या हजारोंना छप्पर, नाव आणि नाते दिले आहे. त्या परंपरेला स्वतःचे नियम आणि स्वतःच्या अपेक्षाही आहेत. मोबाइलवरच्या गटांचेही तसेच. रात्री अकरा वाजता कामोठ्याच्या खोलीतून एखाद्या मुलाला ‘माझ्यासारखे आणखी आहेत’ हे पहिल्यांदा तिथेच कळते आणि तो दिलासा मोठा असतो. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मैत्रीविषयी एक गोष्ट दाखवून दिली होती. दोघे मित्र एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत राहिले, तर मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासीही वाढू शकते. ऑनलाइन गटात ते सहज होते. शिवाय घाईने शिक्का मारून घेण्याचा दबाव असतो आणि खोटी खाती काढून फोटोंवरून पैसे उकळणारेही असतात. अनोळखी माणसाला फोटो, पत्ता किंवा कॉलेजचे नाव न देणे, पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी घेणे आणि ती कोणा एका विश्वासू माणसाला कळवून घेणे, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

सोबत कशी असावी

मग उपयोगी सोबत कोणती? अमेरिकेत स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२९ पारलिंगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्र या चारपैकी किती ठिकाणी आपण निवडलेल्या नावाने वावरता येते, एवढेच त्यांनी विचारले. असे ठिकाण एकाने वाढले, की आत्महत्येचे विचार सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले आणि नैराश्याची लक्षणेही उतरलेली दिसली. अभ्यास लहान आहे आणि परदेशातला आहे. पण त्याचे सांगणे समजायला सोपे आहे. सगळे जग बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. हाक मारणारे एक ठिकाण वाढले तरी फरक पडू शकतो.

ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये मराठीत आले. नाचाच्या आवडीवरून होणारी चेष्टा, मनातला गोंधळ आणि अगदी लहान वयात अशोक राव कवी यांची झालेली भेट त्यांनी सांगितली आहे. तुझ्यात काही बिघाड नाही, अभ्यास कर, असा त्या भेटीचा मथितार्थ होता. पुढे त्या हिजडा समाजात गेल्या तरी आईवडिलांच्या घराशी त्यांचे नाते तुटले नाही. दोन्ही जगांत पाय ठेवण्याची मोकळीक फार थोड्यांना मिळते. बहुतेकांना यांपैकी एक निवडायला लावले जाते आणि निवड करताना ते सोळा-सतरा वर्षांचे असतात.

पनवेलमध्ये जागा कुठे?

या सगळ्याला पनवेलचा म्हणून एक संदर्भ आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झालेल्या या शहरात दोन प्रकारची वस्ती शेजारी-शेजारी राहते. जुन्या पनवेलच्या आळ्यांत आणि तालुक्यातील आगरी-कोळी गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे सोबतीला तोटा नाही, एकांत मिळत नाही. मुलाने केस वाढवले तर घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचते. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत शेजारच्या दारावरचे नावही माहीत नसते. तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी चौकशीही करत नाही. दोन्हीकडे एक समस्या सारखीच आहे. वन बीएचकेत चार-पाच माणसे राहत असतील तर मुलाला स्वतःची अशी जागा न्हाणीघरातच मिळते, तीही बाहेरून कोणी कडी वाजवेपर्यंत.

पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा हार्बर मार्गावरचा सुमारे ४९ किलोमीटरचा आणि ऐंशी मिनिटांच्या आसपासचा प्रवास कित्येकांसाठी दिवसातला एकमेव एकांत असतो. कानात इअरफोन, खिडकीबाहेर खाडी, ओळखीचे कोणी नाही. मात्र त्या गाडीत चढण्याआधीच प्लॅटफॉर्मवर प्रश्न उभा असतो : कोणत्या डब्यात चढायचे? महिलांच्या डब्यात हटकले जाण्याची भीती, सर्वसाधारण डब्यात धक्काबुक्कीची. रोज दोनदा हा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनावर येणाऱ्या ताणाची कल्पना इतरांना सहज येत नाही.

त्याच गाडीच्या दुसऱ्या टोकाला मदतही आहे. टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावरील जीटी रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट काम करत आहे, मालाडला गौरी सावंत यांची ‘सखी चार चौघी’ आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टने मराठीतून माहितीचे मोठे काम केले आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर सकाळची वाट न पाहता हा क्रमांक लावावा आणि जवळच्या एका माणसाला तसे सांगावे.

पण प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागणे हेही उणेपणाचे लक्षण आहे. एवढी महाविद्यालये आणि रुग्णालये असलेल्या शहरात आठवड्यातून एक दुपार अशा समुपदेशनासाठी राखून ठेवणे अवघड नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या विषयावरची चार मराठी पुस्तके सहज हाताला लागतील अशी ठेवायलाही फार खर्च येत नाही. रुग्णालयातील केसपेपरवर नाव लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ एवढे विचारले, तरी तपासणीआधीच अर्धी भीती जाते.

घराने काय करावे

पालकांची अडचणही समजून घ्यायला हवी. मुलाने काही सांगितले की आईवडिलांना धक्का बसतो, समाज काय म्हणेल याची काळजी वाटते, आपले काही चुकले का असे वाटते. त्यांनाही विचार करायला वेळ आणि बोलायला माणूस लागतो. तोवर तीन गोष्टी टाळल्या तरी पुष्कळ होईल : मारहाण करू नये, घराबाहेर काढू नये आणि मुलाला न विचारता ती गोष्ट नातेवाइकांत नेऊ नये. गुपित कोणाला, कधी सांगायचे हे ठरवण्याचा हक्क ज्याचे ते गुपित आहे त्याचा.

वयात येताना स्वतःविषयी प्रश्न पडलेले प्रत्येक मूल पुढे पारलिंगीच असते असे नाही. काहींची ओळख ठाम होत जाते, काहींना कालांतराने वेगळेच उत्तर सापडते. म्हणून घाईने ‘हो, तू तसाच आहेस’ म्हणण्याची गरज नाही आणि ‘तू तसा असूच शकत नाहीस’ असे म्हणण्याची तर मुळीच नाही. केस, कपडे, घरात हाक मारण्याचे नाव या गोष्टी बदलून पाहता येतात आणि नको वाटल्यास परत फिरवताही येतात. अठरा वर्षांखालील मुलांना कोणते वैद्यकीय उपचार कधी द्यावेत, यावर जगभर मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये २०२४ च्या कॅस अहवालाने त्याबाबत सावधगिरीचा सल्ला दिला. मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायला मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

ज्याला हा प्रश्न पडला आहे, त्याच्यासाठी साधा नियम असा सांगता येईल. दिवसातला थोडा वेळ फक्त स्वतःचा ठेवावा. त्यात मोबाइल नसावा. आठवड्यातून एकदा तरी अशा एका माणसाशी बोलावे, ज्याच्यासमोर नाटक करावे लागत नाही. तो मित्र असेल, मावशी असेल, शिक्षक असेल किंवा समुपदेशक. आणि दिवसातला काही वेळ या प्रश्नाशी अजिबात संबंध नसलेल्या गोष्टीत घालवावा : क्रिकेट, भजनी मंडळ, कर्नाळ्याची पायवाट, काहीही. माणूस म्हणजे फक्त त्याची लिंगओळख नसते आणि हे त्याचे त्यालाही अधूनमधून आठवावे लागते.

मराठीत या संवादाची परंपरा शंभर वर्षांची होत आली आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत ते चालवले. लैंगिक प्रश्नांनी गांजलेली माणसे घराच्या कोपऱ्यात बसून पत्र लिहीत आणि कर्वे त्याचे उत्तर सर्वांसमोर छापत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. पत्र लिहिणाऱ्याला नाव सांगावे लागत नव्हते आणि तरीही कोणीतरी आपले ऐकले, हे त्याला कळत होते.

आज पत्राची जागा मोबाइलने घेतली असली तरी गरज तीच आहे. लिंगओळखीचे उत्तर ज्याचे त्यालाच शोधायचे असते, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला सुरक्षितपणे मिळेल की नाही, हे त्याच्या भोवतीच्या माणसांवर ठरते. खोलीत बसलेल्या मुलाच्या दारावर रोज थाप मारू नये. जेवायची वेळ झाली की हाक मात्र न चुकता मारावी आणि तो ज्या नावाने ओ देतो, त्या नावाने मारावी.